सलग चालण्यानं माणूस बदलतो का? नाशिकच्या एका ट्रेकरच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं वय अडतीस, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी, गेली काही वर्षं महिन्यातून दोनदा ट्रेक. हरिहर, कळसूबाई, साल्हेर, धोडप सगळं पाहून झालंय. ‘माथ्यावर उभं राहिलं की मोकळं वाटतं, पण सोमवारी सकाळी मी होतो तिथेच असतो. दिवसचे दिवस चालणं माणसाला आतून बदलतं असं ऐकतो, ते खरं आहे का? मी पूजाअर्चा करणारा नाही, तरी मला त्यात काही आध्यात्मिक सापडेल का? आणि नाशिकहून सुरुवात कुठून करू? आठवड्याच्या वर रजा मिळत नाही.’

बदल होतो. मी बरीच वर्षं लोकांना घेऊन लांबचं चालतोय, वारीत आणि डोंगररांगांतही, आणि तो होताना पाहिलाय. पण तो उंचीमुळे होत नाही, अंतरामुळेही फारसा होत नाही. तो सलगपणामुळे होतो.

रविवारचा ट्रेक कितीही अवघड असला तरी त्याच्या शेवटी घरची आंघोळ आणि घरचं अंथरूण असतं, आणि हे तुमच्या मनाला पहिल्या पावलापासून ठाऊक असतं. हरिहरच्या खड्या पायऱ्यांवर बोटं खोबणीत रुतवून चढताना डोक्यात दुसरं काही येत नाही, हे खरं. पण मन त्या दोन-तीन तासांपुरतंच आवरून बसलेलं असतं. गाडी त्र्यंबक रस्त्याला लागली की ते पुन्हा सुटतं, आणि सातपूरच्या सिग्नलला तुम्ही फोन काढलेला असतो. सलग पाच-सहा दिवस चालताना ही परतीची सोय राहत नाही. संध्याकाळ होईल तिथे पाठ टेकायची, पहाटे उठून पिशवी भरायची आणि पुन्हा चालायचं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. या ‘पुन्हा तेच’मधूनच सगळं घडतं, म्हणून आधी ते कसं घडतं हे नीट सांगतो.

पहिला दिवस उत्साहाचा. सगळे भरभरून बोलतात, फोटो काढतात, गरजेपेक्षा जोरात चालतात. दुसऱ्या दिवशी शरीर तक्रार करायला लागतं: नडगी, कंबर, खांद्यावरचे पट्टे, टाचेला आलेला पहिला फोड. तिसरा दिवस सगळ्यात वाईट. सवय नसलेल्या श्रमानंतरचं स्नायूंचं दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत चढत जातं, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांचा हिशेब तिसऱ्या दिवशी एकत्र समोर येतो. ‘मी परत जातो’ असं सर्वाधिक लोक याच दिवशी म्हणतात, आणि त्यासाठी कारणंही फार पटण्यासारखी शोधतात: मुलाची परीक्षा, ऑफिसचा मेल, बायकोची तब्येत. मी त्यांना एवढंच सांगतो की हा निर्णय आज घेऊ नका, उद्या दुपारी घ्या. चौथ्या दिवशी दुपारी बहुतेक जण तो विषयही काढत नाहीत.

चौथ्या दिवसापासून आतलं काम सुरू होतं. चालताना माणूस मनात बोलत असतो. साहेबाशी भांडतो, भावाला वाटणीवरून चार शब्द सुनावतो, दहा वर्षांपूर्वी जे बोलायला हवं होतं ते आता बोलतो. घरी असताना असं भांडण रंगात आलं की कोणीतरी हाक मारतं किंवा फोन वाजतो, आणि ते अर्धवट राहतं. अर्धवट राहिलेलं भांडण ताजंच राहतं. वाटेवर अडवणारं कोणी नसतं, तेव्हा ते पूर्ण होतं. मग दुसऱ्यांदा होतं, पाचव्यांदा होतं. आठव्या-दहाव्या वेळी आपल्यालाच त्याचा कंटाळा येतो. साहेबाला क्षमा वगैरे काही केलेली नसते, पण त्या भांडणातला रस संपलेला असतो. माझ्या पाहण्यात लोकांच्या मनावरचं जे सगळ्यात मोठं ओझं उतरलं, ते असं कंटाळून उतरलं. कुठला साक्षात्कार लागला नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात सांगण्यासारखा आहे. काही जणांना नव्वद मिनिटं गवताळ, झाडांच्या भागात चालवलं आणि काही जणांना वाहत्या रस्त्याच्या कडेनं. निसर्गात चाललेल्यांचं स्वतःबद्दलचं नकारात्मक घोळणं कमी झालेलं दिसलं, आणि त्याच्याशी निगडित मेंदूच्या एका भागाची हालचालही कमी नोंदली गेली. म्हणजे माथ्यावर तुम्हाला जे मोकळं वाटतं, तो भास नाही. पण तो अभ्यास नव्वद मिनिटांच्या चालण्याचा आणि त्यानंतर लगेच मोजलेल्या परिणामाचा आहे. तुमचं रविवारचं मोकळेपण आणि सोमवारचं जैसे थे, दोन्ही त्याच्याशी जुळतात. सलग दिवसांचं मी जे सांगतोय ते प्रयोगशाळेतलं नाही, माणसं पाहून आलेलं आहे. तेवढ्याच वजनानं ते घ्या.

आणखी एक खूण सांगतो. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक जण तासातासाला विचारतो, ‘अजून किती राहिलं?’ पाचव्या दिवशी हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारतात ते ‘पाणी कुठे आहे?’, ‘सावली कुठे लागेल?’, ‘ती मागे राहिलेली मावशी आली का?’ माणसाचं लक्ष स्वतःच्या मुक्कामावरून सुटून आजूबाजूला गेलं, हे त्याचं त्यालाही कळलेलं नसतं.

आता दुसरा प्रश्न, आध्यात्मिकाचा. इथे मला नाशिकचंच एक उदाहरण द्यायचंय आणि त्यावर जरा रेंगाळायचंय.

तुम्ही पांडवलेण्यांवर सकाळी व्यायामाला गेला असाल. अंबडहून ती जवळच. दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत लेख कोरलेले आहेत, त्यांच्यासमोरून हजारो लोक रोज घाम पुसत जातात. ते लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांचे आहेत. त्यात लिहिलंय की त्यानं गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दोन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजानं ठेवले, आणि त्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, वीस बौद्ध भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत. हिशेब करून पाहा, वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, वीस जणांना बारा-बारा, चोख बसतो. दुसऱ्या लेखात त्यानं दमण, तापी अशा नद्यांवर फुकट होड्यांची सोय केल्याचं आणि भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन, शूर्पारक (सोपारा) इथे प्रवाशांसाठी निवारे बांधल्याचं, विहिरी-तळी केल्याचं नोंदलंय. गोवर्धन नावाचं गाव आजही गंगापूरजवळ आहे.

हे भिक्षू पावसाळ्याचे महिने एका जागी राहत आणि बाकीचं वर्ष चालत. त्यांच्याजवळ जवळपास काही नसे. त्यांचं चालणं उभं होतं ते विणकरांच्या व्याजावर, नावाड्याच्या होडीवर, कोणीतरी खणलेल्या विहिरीवर. जैन साधू-साध्वींचा विहार तुम्ही मुंबई-आग्रा महामार्गावर पहाटे पाहिला असेल, पांढऱ्या वस्त्रांतली, अनवाणी, झपझप चालणारी माणसं. तिथेही चातुर्मास एका ठिकाणी आणि बाकी आठ महिने पायी, आणि आहार घरोघरी मागून. वारीतही तेच. आपल्याकडे लांब चालणं हे आरंभापासून दुसऱ्याच्या देण्यावर चाललेलं आहे, आणि माझ्या मते त्यातलं आध्यात्मिक जे काही आहे ते इथेच आहे. ज्याला कमवायची सवय आहे त्याला घ्यायला शिकावं लागतं.

हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात शिकलेल्या, कमावत्या माणसाला याइतकं अवघड दुसरं काही नाही. संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास त्र्यंबकेश्वरहून निघते आणि नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा करत आषाढीला पंढरपूरला पोहोचते. साधारण चारशे किलोमीटर. वाटेत गावोगावची माणसं चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, पिठलं-भाकरी घेऊन उभी असतात. कोणी वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतं, कोणी दाढी-कटिंग करून देतं, कोणी तेल घेऊन पाय चोळून द्यायला बसतं. माझ्याबरोबर आलेले शहरातले लोक चहाला हात पुढे करतात आणि दुसरा हात पाकिटाकडे जातो. समोरचा म्हणतो, ‘राहू द्या माउली.’ मग ते ओशाळतात. पाय चोळणाऱ्यासमोर तर चांगले धट्टेकट्टे गडी पाय मागे ओढून घेतात. एक इंजिनिअर मला म्हणाले होते, ‘याच्या बदल्यात मी याला काय देणार?’ काहीच नाही. त्या माणसाला तुम्ही पुन्हा दिसणारही नाही. ते देणं तसंच, परतफेड न करता, अंगावर घेऊन पुढे चालायचं. पहिल्या दिवशी ते टोचतं. पाचव्या-सहाव्या दिवशी तो माणूस निमूट पाय पुढे करतो आणि डोळे मिटून बसतो. त्याच दिवशी संध्याकाळी तो पंगतीत वाढायला उभा राहिलेला मी पाहिलाय, कोणी न सांगता.

यासाठी देव मानावाच लागतो असं मला वाटत नाही. मी स्वतः वारकरी घरातला आहे, हरिपाठ माझ्या अंगवळणी पडलेला आहे, आणि पांडुरंगाशी माझं नातं आहे. तरी माझ्याबरोबर न मानणारे बरेच आले आणि त्यांच्यापैकी कोणाचं काही अडलं नाही. दिंडीत तुम्हाला कोणी श्रद्धेचा दाखला मागत नाही. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणताना पाऊल आणि श्वास एका लयीत येतात, मागची-पुढची माणसं त्याच लयीत असतात, आणि चालणं हलकं होतं. नाव मनापासून घेतलं तर उत्तम. नसेल घ्यायचं तर टाळांच्या ठेक्यावर नुसतं चाला. पण अभ्यासकासारखं बाजूला उभं राहून पाहू नका. तसं केलंत तर चारशे किलोमीटर चालूनही तुम्ही प्रेक्षकच राहाल.

निवृत्तिनाथांची कथा तुम्हाला माहीत असेल. आईवडील आणि भावंडांबरोबर ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघ समोर आला, धावपळीत निवृत्ती चुकला, एका गुहेत शिरला, आणि तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. त्यांच्याकडून दीक्षा मिळाली, ती पुढे त्यानं ज्ञानदेवांना दिली. परंपरा ही कथा श्रद्धेनं सांगते. मला त्यात भावतं ते असं की आपल्या इतक्या मोठ्या परंपरेच्या मुळाशी एक घरचं, साधं चालणं आहे आणि त्यात वाट चुकणं आहे. गुरू शोधायला म्हणून निवृत्ती निघालाच नव्हता. तुम्हीही ‘मला बदलायचंय’ हे रोज तपासत चालू नका. रोज संध्याकाळी डायरीत ‘आज मी काय शिकलो’ असं लिहिणारे लोक मी पाहिलेत. ते लिहिण्यासाठी चालायला लागतात. लिहायचंच असेल तर वाटेतल्या गावाचं नाव, पाणी कुठे मिळालं, कोणी काय दिलं एवढं लिहा.

काही गोष्टी मला ठामपणे सांगायच्यात. चालणं हे मनाच्या आजारावरचं औषध नाही. नैराश्यासाठी किंवा झोपेसाठी गोळ्या चालू असतील तर त्या वाटेवरही वेळेवर घ्यायच्या, आणि निघण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं. ‘डोंगरात गेलास की गोळ्या सुटतील’ असं सांगणारा कोणी भेटला तर त्याचं ऐकू नका. घरात वाद पेटलेला असताना तो टाळण्यासाठी निघू नका. तो वाद प्रत्येक मुक्कामाला तुमच्या आधी जाऊन बसलेला असतो. आणि पहिलं सलग चालणं एकट्यानं करू नका. एकट्यानं चालण्याचं कौतुक फार झालंय. एकटा माणूस थकला की आपल्याच विचारांचं खरं मानायला लागतो. सोबत दोन-तीन जण असावेत, त्यातला निदान एक तुमच्यापेक्षा हळू चालणारा असावा. त्याच्यासाठी रोज थांबणं ही तुमची खरी साधना, कारण ट्रेकर माणसाला वेग आवरणं फार जड जातं.

वेगाचं आणि अंतराचंही तसंच. घड्याळावर किलोमीटर मोजणाऱ्यांना मी एक आकडा सांगतो. १९३० मध्ये गांधीजी साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर चोवीस दिवसांत गेले, म्हणजे दिवसाला सोळा किलोमीटर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. विनोबांची भूदान यात्रा १९५१ मध्ये सुरू झाली आणि वर्षानुवर्षं चालली, ती रोजच्या मोजक्या चालीवरच. दिवसाला पंधरा ते वीस किलोमीटर भरपूर झाले. त्यात गावात बसायला, माणसांशी बोलायला, कपडे धुवायला वेळ उरतो. तीस-पस्तीस किलोमीटर चाललात तर उरतो फक्त झोपायला.

आता नाशिकहून सुरुवात. आठवड्याची रजा आहे म्हणता, तर मी तुम्हाला आधी किल्ल्यांकडे पाठवणार नाही. अचला-अहिवंतपासून मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप करत चांदवड आणि पुढे अंकाई-टंकाईपर्यंत सातमाळा रांग सलग चालणं हे फार सुंदर आहे, पण तिथे तुम्ही पुन्हा किल्ले ‘करायला’ लागाल. ते दुसऱ्या वर्षी करा, नोव्हेंबर ते जानेवारीत, पायथ्याच्या गावांत मुक्काम करत.

पहिल्या वेळी गोदावरीबरोबर चाला. त्र्यंबकहून निघायचं. ब्रह्मगिरीवर उगम पाहून, कुशावर्तावर हात-पाय धुऊन, बेझेजवळच्या चक्रतीर्थावरून गंगापूर धरणाच्या बाजूनं सोमेश्वर, मग रामकुंड, तपोवन, दसक-पंचक, पुढे चांदोरी, सायखेडा आणि नांदूर मध्यमेश्वर. नव्वद किलोमीटरच्या आसपास, पाच दिवस निवांत. ब्रह्मगिरी सोडला तर या वाटेवर एकही माथा नाही, फोटोत मिरवण्यासारखं फार काही नाही. पण ज्या नदीचं पाणी आपण पितो ती डोंगरातून कशी निघते, धरणात कशी अडते, रामकुंडावर किती जण तिच्यात अस्थी सोडतात, तपोवनानंतर शहराचं सांडपाणी घेऊन ती कशी दिसते, आणि मग निफाडच्या द्राक्षबागांतून जात नांदूर मध्यमेश्वरला पाणपक्ष्यांच्या थव्यांखाली कशी पसरते, हे सगळं पायांनी एका ओळीत कळतं. नांदूर मध्यमेश्वर हे रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, थंडीत तिथे दुरून आलेले पक्षी असतात. तपोवनाच्या पुढचा वास आणि फेस पाहून लोक तो टप्पा गाडीनं पार करू म्हणतात. मी करू देत नाही. नदी जिथे घाण आहे तिथेही तिच्याबरोबर चालायचं. आपल्याला आवडेल तेवढंच पाहायची सवय लांब चालण्यानं मोडायला हवी, आणि ती मोडायला हा टप्पा फार उपयोगी पडतो.

देवीची ओढ असेल तर नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी करत सप्तशृंगगड हा साठ-पासष्ट किलोमीटरचा तीन दिवसांचा रस्ता आहे, शेवटी नांदुरीपासून दहा किलोमीटरचा घाट. चैत्रोत्सवात खानदेशातून पायी येणाऱ्यांचे जथे त्या उन्हात कसे चालतात हे एकदा पाहा, पण पहिल्यांदा चालायला चैत्र निवडू नका. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, सुमारे वीस किलोमीटर, ही एका रात्रीची गोष्ट आहे. गर्दी फार आणि चिखलही फार, तरी पायांची परीक्षा म्हणून चांगली. नर्मदा परिक्रमा आत्ता डोक्यातून काढा. नदी उजव्या हाताला ठेवून, कुठेही न ओलांडता, अडीच हजारांहून जास्त किलोमीटर चालायचं असतं. परंपरेनं तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस, आणि भराभर चालणाऱ्यालाही काही महिने लागतात. ती रजेत बसत नाही. तिची हाक आली तर नोकरीचं काय करायचं ते तेव्हा तुम्हाला कळेल.

माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात योग्य संधी पौष वद्य एकादशीची आहे. निवृत्तिनाथांच्या यात्रेला उत्तर महाराष्ट्रातून, नगरकडून शेकडो दिंड्या त्र्यंबकला पायी येतात. दिवस थंडीचे, आषाढवारीपेक्षा गर्दी आटोक्यात, आणि बऱ्याच दिंड्यांचा शेवटचा आठवडा नाशिक जिल्ह्यातच असतो. एखाद्या दिंडीच्या प्रमुखांना आधी भेटा, सरळ सांगा की मी नवा आहे, इतके दिवस चालणार आहे, पैसे किती भरायचे. बहुतेक ठिकाणी सामानाला गाडी असते, त्यामुळे पाठीवर फक्त पाणी आणि अंगावर घालायचा एक जादा कपडा राहतो. ताट, वाटी, पेला आपला न्यायचा. काकड्याला उठायचं, संध्याकाळी हरिपाठाला बसायचं, म्हणता येत नसलं तरी. शौचाची, आंघोळीची गैरसोय होईल, झोप शाळेच्या फरशीवर किंवा मंडपात होईल, शेजारचा घोरेल. ही तयारी मनाची ठेवा. बायकोला यायचं असेल तर जरूर आणा. दिंडीत बायका मोठ्या संख्येनं असतात, आणि बऱ्याचदा पुरुषांपेक्षा चांगल्या चालतात.

पायांचं नीट ऐका, कारण पाय बिघडले की मन, अध्यात्म सगळं बाजूला राहतं. डांबरी रस्त्यावर जाड, ताठ ट्रेकिंगचे बूट घालू नका. हलके धावायचे बूट घ्या, नेहमीपेक्षा एक माप मोठे, कारण दिवसभर चालून पाऊल फुगतं. नवे बूट नेऊ नका, निदान महिनाभर वापरलेले न्या. फोड येतो तो ओल, उष्णता आणि घासणं एकत्र आल्यावर. म्हणून दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर ठेवायचे, आणि कुठे जरा चुरचुरलं की त्याच मिनिटाला कापडी चिकटपट्टी लावायची. ‘मुक्कामी पाहू’ म्हणणाऱ्याला मुक्कामी फोडच पाहायला मिळतो. घाम फार येत असेल तर नुसतं पाणी ढोसू नका, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घ्या. पाठीवर सामान घ्यायचंच असेल तर आपल्या वजनाच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. महामार्गावर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूनं, एकामागे एक, अंगावर चमकणारा पट्टा लावून चालायचं. पहाटेच्या अंधारात मागून आलेल्या गाडीनं पदयात्रांमध्ये अपघात होतात. थंडीत निफाडकडे पारा फार खाली जातो, लोकरीची टोपी आणि एक जाड शाल विसरू नका.

फोन बंद ठेवा असं मी म्हणणार नाही, घरच्यांना काळजी असते. सकाळचा पहिला तास मात्र फोन पिशवीत आणि तोंड बंद. आम्ही आमच्या गटात हा एकच नियम पाळतो. त्या तासात कोणी कोणाला काही विचारत नाही. पहिल्या दिवशी तो तास खूप मोठा वाटतो.

परत आल्यावर आठ-दहा दिवस उदास वाटेल. घर कोंदट वाटेल, लोकांचं बोलणं भरभर आणि निरर्थक वाटेल. त्या दिवसांत मोठे निर्णय घेऊ नका, नोकरी सोडायचा तर मुळीच नाही. शक्य असेल तर शेवटच्या दिवशी गाडीनं न येता घरापर्यंत चालत या, आणि दुसऱ्या दिवशी एक रजा राखून ठेवा. सोमवारी काय होतं असं तुम्ही विचारलंत. सोमवारी साहेब तोच असतो, मशीन तेच असतं. तुम्ही डबा उघडल्यावर शेजारच्यानं चटणी पुढे केली तर ती ‘नको, आहे माझ्याकडे’ न म्हणता घेता का, एवढं पाहा. माझ्याबरोबर येऊन गेलेल्या लोकांमध्ये मला टिकलेला बदल दिसतो तो अशाच ठिकाणी.

आजपासून पौषापर्यंत दर आठवड्याला एक काम करा. शनिवारी पंधरा किलोमीटर चाला आणि रविवारी पुन्हा पंधरा, तेच बूट, तीच पिशवी. शनिवारचं कोणालाही जमतं. रविवारी सकाळी दुखऱ्या पायांनी निघता येतंय का ते पाहायचं. अंबडहून पांडवलेणी, पाथर्डी, विल्होळीकडे रस्ते आहेतच. चार-पाच आठवडे हे जमलं की दिंडीच्या प्रमुखांना भेटायला जा.